रात्रीचा रेडिओ आणि दूरदेशची केंद्रं



आपल्या सामुदायिक रेडिओवर आरोग्य, बँकेची कामं, बियाणं आणि कायदा अशा विषयांवर आपण नेहमी बोलतो. आज एका छंदाविषयी बोलायचं आहे. छंद म्हटलं की बायका म्हणतात, "आम्हाला कुठला वेळ?" या छंदाला मात्र आपल्याला मिळतो तोच वेळ लागतो. रात्री भांडी आवरल्यानंतरचा, नाहीतर पहाटे चूल पेटवायच्या आधीचा. सामान म्हणाल तर सेलवर चालणारा साधा रेडिओ, एक वही आणि पेन.

छंद असा, की रात्री रेडिओच्या मिडियम वेव्हवर काटा हळूहळू फिरवायचा, हजार-दोन हजार किलोमीटरवरचं परक्या देशाचं केंद्र शोधायचं, ते कुठलं आहे हे ओळखायचं आणि वहीत नोंद करायची. जगभरात शंभर वर्षं लोक हा छंद करत आले आहेत. त्याला 'डीएक्सिंग' म्हणतात. डीएक्स म्हणजे तारायंत्राच्या भाषेतलं 'लांबचं अंतर'. आपण याला साधं 'दूरश्रवण' म्हणू.

आपलं केंद्र गावापुरतं, मग ते एवढं लांबचं कसं ऐकू येतं?

आमच्या गटांच्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो. आपला सामुदायिक रेडिओ एफएमवर आहे. एफएमची लहर सरळ रेषेत जाते. मध्ये डोंगर आला की अडते आणि वर गेलेली लहर आकाशात निघून जाते, परत येत नाही. शिवाय आपला प्रक्षेपक असतो ५० वॅटचा. म्हणून दहा-पंधरा किलोमीटरच्या पुढे आपला आवाज पोचत नाही.

मिडियम वेव्हची, म्हणजे मध्यम लहरींची, गोष्ट वेगळी आहे. ही लहर दोन वाटांनी जाते. एक वाट जमिनीला धरून. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर दिवसाही आजूबाजूच्या जिल्ह्यांत ऐकू येतं ते या वाटेने. खाऱ्या पाण्यावरून ही लहर जमिनीपेक्षा सहज पुढे सरकते, म्हणून कोकणपट्टीला समुद्रापलीकडची केंद्रं लवकर सापडतात.

दुसरी वाट आकाशातून. आपल्या डोक्यावर साठ-सत्तर किलोमीटरपासून वर हवेचे असे थर आहेत, की ज्यांतल्या कणांवर सूर्याच्या किरणांमुळे विजेचा भार येतो. यातला सगळ्यात खालचा थर दिवसा मध्यम लहरी शोषून घेतो. घोंगडीवर पाणी ओतलं तर जसं जिरतं, तसंच. सूर्य मावळला की हा खालचा थर विरून जातो. शंभर किलोमीटर आणि त्याहून वरचे थर मात्र रात्रीही टिकतात. लहर तिथपर्यंत पोचते आणि भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखी खाली वळते. ती उतरते ती हजार, दीड हजार किलोमीटर लांब. म्हणून जो रेडिओ दुपारी तीन-चार केंद्रं लावतो, तोच रात्री नऊला माणसांनी भरलेल्या एसटी स्टँडसारखा बोलू लागतो.

हा वरचा थर खरंच आहे का, हे १९२४ च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये तपासलं गेलं. एडवर्ड ॲपल्टन यांनी बीबीसीच्या बोर्नमथ इथल्या मध्यम लहरींच्या प्रक्षेपकाची लहरलांबी रात्री थोडी थोडी बदलायला लावली. ऑक्सफर्डला रेडिओ ठेवून आवाज किती वेळा चढतो-उतरतो ते त्यांनी मोजलं आणि त्यावरून थराची उंची काढली. ती शंभर किलोमीटरच्या आसपास निघाली. या कामासाठी त्यांना १९४७ साली नोबेल पारितोषिक मिळालं. रात्री दूरच्या केंद्राचा आवाज झोक्यावर बसल्यासारखा मोठा-लहान होतो, तेव्हा आपणही तेच ऐकत असतो. एकाच केंद्राची लहर दोन वाटांनी येते. त्या एकमेकींना मिळाल्या की आवाज चढतो, एकमेकींना छेदल्या की बुडतो. रेडिओ बिघडला असं समजून त्याला थोपटायची गरज नाही.

हा छंद सुरू झाला कसा?

१९२१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांनी आपला एक जाणकार, पॉल गॉडली, जहाजाने स्कॉटलंडला पाठवला. आर्ड्रोसन गावाजवळ समुद्रकाठच्या शेतात तंबू ठोकून, सुमारे चारशे मीटर लांब तार खांबांवर टाकून तो थंडीपावसात रात्र-रात्र ऐकत बसला. अटलांटिक महासागरापलीकडची हौशी लोकांची छोटी केंद्रं त्याने ऐकली. ती सुमारे २३० मीटरच्या लहरींवर, म्हणजे आजच्या मिडियम वेव्हच्या पट्ट्यातच होती. मोठमोठ्या कंपन्यांच्या यंत्रांवाचूनही इतकं लांब पोचता येतं, हे त्यामुळे सिद्ध झालं.

त्याच दशकात अमेरिकेत घरोघरी रेडिओ आले आणि लांबचं शहर पकडायची चढाओढ लागली. शिकागो शहरात तर सोमवारी संध्याकाळी स्थानिक केंद्रं आपणहून गप्प राहत, म्हणजे लोकांना दूरची केंद्रं ऐकता यावीत. केंद्राला 'तुमचं अमुक ऐकलं' असं लिहून सोबत दहा सेंट पाठवले, की केंद्राकडून टपाल तिकिटासारखं एक रंगीत तिकीट येई. लोक ती तिकिटं वहीत चिकटवून जपत.

आजही फिनलंडच्या अगदी उत्तरेला, इनारी तलावाच्या भागात, हे श्रोते हिवाळ्यात जाऊन राहतात. तिथे डिसेंबरात कित्येक दिवस सूर्य उगवतच नाही. त्यामुळे तो शोषणारा खालचा थर फारसा तयार होत नाही. जंगलात एकेक किलोमीटरच्या तारा टाकून ते उत्तर अमेरिकेतली लहान लहान गावांची केंद्रं ऐकतात.

आपल्याकडेही परदेशी केंद्र लावण्याची सवय जुनी आहे. १९५२ साली बी. व्ही. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ थांबली. तेव्हा लोकांनी काटा सिलोनकडे वळवला. अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' आपल्या आज्या-पणज्या श्रीलंकेच्या केंद्रावरून ऐकत होत्या. ते केंद्र लघुलहरींवर म्हणजे शॉर्टवेव्हवर होतं, एवढाच फरक. पुढे १९५७ साली विविध भारती सुरू झाली. तेव्हा परदेशाचं केंद्र शोधणं आपल्या घराला नवं नाही.

सामान काय लागतं?

पहिली गोष्ट, रेडिओ घेताना त्यावर एएम किंवा एमडब्ल्यू लिहिलेलं आहे का ते पाहा. बाजारात हल्ली नुसते एफएमचे संच फार आहेत. मोबाइलमधला रेडिओही एफएमच असतो. तो या कामाचा नाही. माळ्यावर पडलेला जुना ट्रान्झिस्टर असेल तर तो उतरवा. सेलच्या डब्यात साचलेला हिरवा गंज घासून काढला की बरेच संच पुन्हा बोलू लागतात.

दुसरी गोष्ट, रेडिओची चकचकीत दांडी ओढून वर करू नका. ती एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी असते. मिडियम वेव्हसाठी आत एक काळी कांडी असते. ती फेराइटची असून तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली असते. ही कांडी बहुतेक संचांत वरच्या बाजूला आडवी बसवलेली असते आणि तिला दिशा कळते. रेडिओचं तोंड किंवा पाठ केंद्राकडे असेल तर आवाज सगळ्यात मोठा येतो. रेडिओची अरुंद बाजू केंद्राकडे केली तर आवाज पडतो. म्हणून रेडिओ फळीवर ठेवून गप्प बसायचं नाही. तो जात्यासारखा सावकाश फिरवत राहायचं.

याचा उपयोग ऐका. ५८५ किलोहर्ट्झ ही जागा आकाशवाणी नागपूरला दिलेली आहे आणि रेडिओ पाकिस्तानच्या इस्लामाबाद केंद्रालाही. रात्री दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात. साताऱ्याकडून पाहिलं तर नागपूर पूर्वेच्या अंगाला आणि इस्लामाबाद उत्तरेला. रेडिओची अरुंद बाजू नागपूरकडे केली की नागपूर दबतं आणि दुसरा आवाज वर येतो. उलट केलं की उलट होतं. निवडणं-पाखडणं आपल्याला शिकवावं लागत नाही, हे तसंच आहे.

आणखी थोडी हौस असेल तर लाकडाची दोन फूट बाय दोन फूट चौकट करा. तिच्यावर प्लास्टिकचं आवरण असलेल्या तारेचे अकरा-बारा वेढे शेजारी शेजारी घाला. सुमारे तीस मीटर तार लागते. दोन्ही टोकं जुन्या रेडिओतून काढलेल्या गँग कंडेन्सरला जोडा. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला 'गँग' म्हटलं की कळतं. ही चौकट रेडिओशेजारी उभी करायची, तारेने जोडायची नाही. कंडेन्सर फिरवता फिरवता एका जागी क्षीण केंद्र एकदम उठून येतं. वीज नको, सेल नको. घरातच ठेवायची, त्यामुळे आकाशातल्या विजेची भीती नाही. बाहेर लांब तार टाकायची असेल तर मात्र ती विजेच्या तारांच्या वरून, खालून किंवा जवळून कधीही नेऊ नका आणि वळवाच्या दिवसांत ती काढून ठेवा.

गोंगाट कुठून येतो?

मिडियम वेव्हवर घरघर आली तर बरेचदा कारण आपल्याच घरात असतं. एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, टीव्ही, इन्व्हर्टर, सौर पंपाचं यंत्र, ही सगळी रेडिओला त्रास देतात. शेताला रानडुकरांसाठी झटका मशीन लावलेलं असेल तर दर सेकंदाला 'टिक्-टिक्' असा ठोका ऐकू येतो. एकेक वस्तू बंद करून पाहा म्हणजे चोर सापडतो. रेडिओ घेऊन भिंतीपासून, वायरिंगपासून लांब अंगणात बसा.

शहरातल्या श्रोत्याला हा गोंगाट टाळताच येत नाही. आपल्याला येतो. लोडशेडिंगला आपण नेहमी नावं ठेवतो, पण दूरच्या केंद्रांसाठी वीज गेलेली रात्र सगळ्यात चांगली. सगळं गाव एकदम शांत होतं आणि एरवी न ऐकू येणारी केंद्रं वर येतात.

ऋतूही पाहावा लागतो. वैशाख-ज्येष्ठात आणि पावसाळ्यात दूर कुठेही वीज चमकली तरी रेडिओत कडकडाट होतो. दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ उत्तम. रात्र मोठी असते आणि आकाश शांत असतं.

काटा कुठे न्यायचा?

भारतात, आशियात, युरोपात आणि आफ्रिकेत मिडियम वेव्हची केंद्रं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत. ५३१, ५४०, ५४९, ५५८ असं १६०२ पर्यंत. अशा १२० जागा होतात. ही मांडणी १९७८ पासून लागू झाली. बरोबर जागा ओळखायची सोपी खूण आहे. आकड्यांची बेरीज नऊच्या पाढ्यात यायला हवी. मुंबईची ५५८ घ्या, पाच आणि पाच दहा आणि आठ अठरा. मुंबईचीच १०४४, बेरीज नऊ. पुण्याची ७९२, बेरीज अठरा. अमेरिकेत दहा-दहाचं अंतर असतं. म्हणून आकडे दाखवणारा नवा संच घेतला आणि तो ५३०, ५४०, ५५० अशा उड्या मारू लागला, तर त्याला ९ च्या अंतरावर लावून घ्या.

काट्याचा संच असेल तर आधी ओळखीची केंद्रं मैलाच्या दगडासारखी धरून ठेवा. त्यांच्या मधल्या जागा मग अंदाजाने कळतात.

संध्याकाळ पूर्वेकडून सुरू होते. आपल्याकडे दिवेलागण व्हायच्या आधीच बांगलादेशात अंधार पडलेला असतो. म्हणून आधी पूर्वेची केंद्रं येतात. ढाक्याचं बांगलादेश बेतार ६९३ किलोहर्ट्झवर, १००० किलोवॅटचं. आपल्या ५० वॅटच्या प्रक्षेपकाच्या वीस हजार पट! दक्षिणेला श्रीलंकेतल्या पुत्तलम इथून ८८२ किलोहर्ट्झवर एका ख्रिस्ती संस्थेचे भारतीय भाषांतले कार्यक्रम संध्याकाळी होत आले आहेत. रात्र वाढली की पश्चिम उघडते. ओमानच्या किनाऱ्यावरून बीबीसीचं प्रक्षेपण १४१३ किलोहर्ट्झवर अनेक वर्षं होत आलं आहे. इराणची केंद्रं तर पट्टाभर विखुरलेली आहेत. पहाटे उलटा क्रम लागतो. आपल्याकडे साडेपाच-सहाला पूर्वेला उजाडतं, ती केंद्रं विझत जातात. पश्चिमेला अजून रात्र असते, ती केंद्रं टिकून राहतात. पहाटे उठणाऱ्या बाईला हे आयतंच मिळतं.

देश ओळखायचा कसा?

केंद्रं सहसा तासाच्या ठोक्याला आपलं नाव सांगतात आणि बातम्या देतात. पण ठोका त्यांच्या घड्याळाचा असतो. इथे एक गंमत आहे. आपलं घड्याळ जगाच्या प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, त्यामुळे बहुतेक देशांचा पूर्ण तास आपल्या घड्याळात साडेला येतो. पाकिस्तान आपल्या अर्धा तास मागे, बांगलादेश अर्धा तास पुढे, ओमान दीड तास मागे. या सगळ्यांचे ठोके आपल्या साडेआठ, साडेनऊला पडतात. इराण आपल्या बरोबर दोन तास मागे आहे, म्हणून त्यांचा ठोका आपल्या आठला, नऊला. श्रीलंकेचं आणि आपलं घड्याळ एकच. नेपाळ पंधरा मिनिटं पुढे, म्हणून तिथला ठोका आपल्या पाऊणला. तेव्हा भाषा कळली नाही तरी ठोका केव्हा पडला एवढं नीट पाहिलं, तरी निम्मे देश गाळता येतात.

मग भाषा. परकी भाषा आपल्याला वाटते तितकी परकी नसते. बांगला रेडिओ स्वतःला 'बेतार' म्हणतो. बे-तार म्हणजे तारेवाचून. आपण एकेकाळी रेडिओला 'बिनतारी' म्हणत होतो, तेच. इराणचं केंद्र 'इनजा तेहरान अस्त' म्हणतं, म्हणजे 'हे तेहरान आहे'. त्या फारसी बातम्यांत हवा, बाजार, जमीन, हजार असे शब्द कानावर पडतात. हे सगळे फारसीतून मराठीत आलेले आहेत. आपण बचत गटात भरतो तो 'हप्ता'सुद्धा फारसीच. 'हफ्त' म्हणजे सात आणि 'हफ्ता' म्हणजे आठवडा. आठवड्याला द्यायचे पैसे ते हप्ता झाले आणि आता महिन्याचे पैसेही आपण हप्ताच म्हणतो. दर बैठकीत वापरतो तो शब्द रात्री इराणच्या केंद्रावर अचानक भेटला, की तो देश नकाशावरचा रंगीत तुकडा राहत नाही.

वहीतली नोंद

आता या छंदाचं खरं काम. नुसतं ऐकलं तर ती करमणूक. नोंद केली तर ते दूरश्रवण.

नोंदीत एवढं हवं: तारीख, वेळ, किलोहर्ट्झ, भाषा आणि प्रत्यक्ष काय ऐकलं. '८:३० ला सहा ठोके, मग बाईच्या आवाजात बातम्या, ८:४० ला बासरी' असं. त्यापुढे आवाजाला पाचपैकी गुण. जगभर वापरली जाणारी पद्धत पाच गोष्टींना एक ते पाच गुण देते. जोर किती, दुसऱ्या केंद्राचा अडथळा किती, घरघर किती, चढ-उतार किती आणि एकूण ऐकायला कसं. पाच म्हणजे सगळ्यात चांगलं.

अशी नोंद केंद्राला पत्राने कळवली तर बरीच केंद्रं कार्ड पाठवतात. त्याला क्यूएसएल कार्ड म्हणतात. तारायंत्राच्या भाषेत क्यूएसएल म्हणजे 'पोच मिळाली'. थोडक्यात पोचपावती. आकाशवाणीनेही परदेशातल्या श्रोत्यांना अशी कार्डं पाठवलेली आहेत. कार्ड देण्याआधी केंद्र आपली नोंद त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेशी ताडून पाहतं.

म्हणून या छंदातला सगळ्यात मोठा नियम असा: कानाने ऐकलं तेवढंच लिहायचं. यादीत ६९३ पुढे ढाका दिलं आहे म्हणून ढाका लिहायचं नाही. नाव ऐकलं तर 'नाव ऐकलं'. नुसती भाषा कळली तर 'भाषा बांगला, केंद्राचं नाव ऐकलं नाही'. अंदाज असेल तर पुढे प्रश्नचिन्ह. शेजारणीने ऐकलं ते शेजारणीच्या वहीत. जुने श्रोते एखाद्या केंद्रापुढे कित्येक वर्षं प्रश्नचिन्ह ठेवतात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

मैत्रिणींनो, आमचा सगळा भर या नियमावर आहे. गटाच्या इतिवृत्तात आपण काय लिहितो? बैठकीत जे ठरलं ते. कोणी म्हणालं असेल, ठरलं असावं, असं आपण लिहीत नाही, कारण त्या वहीवर बँक कर्ज देते. पण मोबाइल हातात आला की तीच बाई 'मुलं पळवणारी टोळी आली आहे' हा निरोप न तपासता चाळीस जणींना पाठवते. महाराष्ट्राने त्याचा परिणाम पाहिला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला अशाच अफवेवरून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते आणि पोट भरायला फिरत होते. त्या दिवशी 'हे मी स्वतः पाहिलं का, की मला कोणी सांगितलं?' एवढा एक प्रश्न पुरेशा माणसांनी विचारला असता, तर कदाचित ती पाच माणसं वाचली असती.

ही सवय भाषणाने लागत नाही. रोज थोडी थोडी करून लागते. रात्री वहीत प्रश्नचिन्ह टाकणारा हात दिवसा निरोप पुढे ढकलताना थांबतो, असा आमचा अनुभव आहे.

वेळ फार नाही

दुसरी एक गोष्ट सांगायला हवी. मिडियम वेव्हची केंद्रं कमी होत चालली आहेत. मोठ्या प्रक्षेपकाला वीज फार लागते आणि श्रोते मोबाइलकडे गेले. जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी रेडिओने २०१५ च्या अखेरीस मिडियम वेव्ह बंद केली. इटलीच्या सरकारी रेडिओने २०२२ मध्ये. आपल्या आकाशवाणीनेही गेल्या काही वर्षांत बरेच जुने प्रक्षेपक बंद करून एफएमवर भर दिला आहे. म्हणून वर सांगितलेल्या केंद्रांपैकी एखादं उद्या गप्पही होईल. मग ते 'ऐकू आलं नाही' हीसुद्धा नोंदच.

गाणी मोबाइलवर मिळतात, मग यात आपलं काय जातं? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती आणि मोबाइलला रेंज नव्हती. अशा वेळी गावातला टॉवर पडला तर त्याच्यासोबत फोनही जातो. शंभर-दोनशे किलोमीटरवरचं मिडियम वेव्हचं केंद्र मात्र दुसऱ्या जिल्ह्यात उभं असतं आणि दोन सेलवर ऐकू येतं. पण त्यासाठी घरात मिडियम वेव्हचा चालू संच हवा, आपलं केंद्र काट्यावर कुठे लागतं ते ठाऊक हवं आणि रेडिओ कुठल्या दिशेला फिरवायचा ते हाताला माहीत हवं. संकटाच्या रात्री हे शिकता येत नाही. हौसेने शिकलेलं मात्र त्या रात्री उपयोगी पडतं.

गटाने काय करावं?

आमची सूचना साधी आहे. गटात मिळून एक रेडिओ आणि एक वही ठेवा. आठवड्याला एकीच्या घरी. पहिल्या आठवड्यात फक्त आपली केंद्रं नोंदवा. मुंबई, पुणे, सांगली, नागपूर, जी लागतील ती, दिवसा आणि रात्री वेगवेगळी. काट्यावरच्या त्यांच्या जागांवर पेनाने बारीक खुणा करा. दुसऱ्या आठवड्यापासून मधल्या जागा चाचपा. घरचे झोपले असतील तर कानात इअरफोन घाला. शाळेत जाणाऱ्या मुलीला सोबत घ्या आणि नकाशा तिच्याकडून काढून घ्या. ऐकायला कुठलाही परवाना लागत नाही. तो प्रक्षेपण करणाऱ्याला लागतो.

महिन्याच्या बैठकीत हिशेब वाचून झाला की ही वही दहा मिनिटं वाचा. एकीने 'अरबी' लिहिलं असेल आणि दुसरीने त्याच रात्री, त्याच जागी 'फारसी', तर भांडू नका. दोघींनी पुढच्या रात्री पुन्हा ऐका, ठोका साडेला पडतो की पूर्ण तासाला ते पाहा. बाईमाणसाला यंत्रातलं काय कळतं, असं म्हणणारे घरोघरी असतात. जगभर हा छंद बहुतेक पुरुषांनीच केला, पण त्यात पुरुषांनाच जमेल असं काहीही नाही. कान, धीर आणि खरी नोंद एवढंच लागतं.

दिवाळी झाली की रात्री मोठ्या होतात. तोवर माळ्यावरचा रेडिओ उतरवा आणि सेल आणून ठेवा. पहिली नोंद झाली की आपल्या केंद्राला जरूर कळवा. प्रश्नचिन्हासकट.